टीप द्या, पण हातात

मंडळी, जानेवारीत त्यागराज आराधनेला आपल्या तिरुवैयारुत पाहुणे येतात. मग तंजावरला हॉटेलात जेवण ठरलेलेच. तेव्हा बिल नीट वाचा. ६०० रुपयांच्या जेवणावर १० टक्के सेवाशुल्क ६० रुपये, आणि त्या ६६० वर ५ टक्के जीएसटी ३३, झाले ६९३. सेवाशुल्क नसते तर ६३०. जीएसटी सरकारचा कर, तो द्यायचाच. सेवाशुल्क मात्र हॉटेल घेते. ते वाढप्याच्या खिशात जाईलच असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते बिलात आपोआप लावायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. काढायला सांगा. ऐकले नाही तर १९१५ वर फोन करा. मग वाचलेल्या ६३ मधले ३० वाढप्याच्या हातात ठेवा, तेही वाटले तरच.

सलूनमध्ये भिंतीवरचा क्यूआर कोड बहुधा मालकाच्या खात्याचा असतो. कात्री चालवणारा दुसरा असेल तर १०-२० रुपये त्यालाच रोख द्या.

आणि टीप घेणाऱ्यांनो, तुम्हीही आमचे खातेदार आहात. ती चिल्लर आठवड्याला खात्यात भरा. महिना १०० रुपयांची आवर्ती ठेव पोस्टातही उघडता येते.