शेजारच्या आजीचं दार

आज बचतीचा हिशोब थोडा बाजूला ठेवू.

आपल्या मुळशीत पोरं हिंजवडी-पिरंगुटला कंपनीत जातात, नातवंडं शाळेत. जमिनी विकल्या, घरांना कंपाउंड आलं. पूर्वी भातलावणीला सगळी आळी एकमेकींच्या खाचरात असायची. आता आजी दिवसभर एकटी, आणि पावसाळ्यात तर ओट्यावरही बसता येत नाही. बांधाच्या भांडणात बोलणं तुटलं, तर आपण दुसरीकडे मैत्रीण शोधतो. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच शेजार असतो.

जेवण तुटलं, झोप नाही, कशात मन नाही, असं दोन आठवडे चाललं तर ते नुसतं वय नव्हे, आजार असू शकतो. "आता कशाला जगायचं" असं कुणी बोललं, तर त्याच दिवशी टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ पण आहे.

एरवी मात्र तुम्हीच जा. वाटीभर कालवण न्या आणि काहीतरी विचारून या. रोप कधी टाकायचं, लोणच्याला मीठ किती. नुसती कीव केलेली त्यांना लगेच कळते बरं का!

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या आळीतलं एकट्या माणसाचं एक घर सांगायचं. तिथे तुमचं भांडण असेल, तर दुसरी ताई जाईल.