किल्लारीच्या घरांपासून चांदीपच्या मोरीपर्यंत



30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवची गावं उद्ध्वस्त केली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्बांधणी कार्यक्रम उभा राहिला आणि 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं भक्कम झाली, पण त्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरलं. भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला 750. भूकंपाने भेद केला नव्हता, नियमाने केला. मला हे आजही खटकतं. शिवाय ऐसपैस रस्ते आखलेली ही नवी गावठाणं शेतजमिनीवर पसरली आणि जुने शेजार विखुरले.

जी गावं जागेवरच राहिली, तिथे मात्र गावातल्याच बायका संवाद सहायक झाल्या. घरदुरुस्तीचं अनुदान किती, भिंत कशी बांधायची, हे त्यांनी दारोदार समजावलं. घरमालक स्वतः बांधकामावर लक्ष ठेवू लागले.

पुनर्बांधणीत कोणाला काय मिळतं आणि लक्ष कोण ठेवतं, हा किल्लारीचा धडा इथेही लागू आहे. वसईच्या चांदीपसारख्या ग्रामीण भागात पुरानंतर रस्ता किंवा मोरी नव्याने बांधताना असेच प्रश्न विचारायला हवेत. मोरीचा नळ पावसाच्या लोंढ्याला पुरेल इतका रुंद आहे का? भरावाची माती कुठून खणली? राडारोडा ओढ्यात तर टाकला नाही ना? कोणाचं शेत गेलं, आणि भरपाई कामाआधी मिळाली का? मजूर बायकांना पुरुषांइतकीच मजुरी आहे का? अंदाजपत्रक पाहायला मागा, ग्रामसभेत हे विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.