चंद्र म्हणायचं कुणाला?

किहीमच्या किनाऱ्यावर मावळतीला मध्ये काही नाही, नुसता समुद्र. त्यामुळे लहानपणी रमजानच्या 29व्या रोजाला आम्ही आजोबांसोबत चांद बघायला वाळूत उभे राहायचो. एकदा मीच पहिला ओरडलो, "दिसला!" आजोबांनी शांतपणे विचारलं, "टोकं कुणीकडं आहेत?" मी म्हटलं, "खाली." सूर्य नुकताच बुडालेला असताना कोरीची टोकं वर असतात. मी ढगाची उजळ कड पाहिली होती. साक्ष बाद झाली आणि तिसावा रोजा ठेवावा लागला. घरात दिवसभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

चंद्र आकाशात होताच, पण 'चांद झाला' म्हणायला अट होती.

24 ऑगस्ट 2006 रोजी प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन ग्रहासाठी अशाच अटी घातल्या. तो सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला असावा आणि त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडकला आणि 'बटुग्रह' झाला. या तिसऱ्या अटीशी माझं थोडं भांडण आहे. शेजारी कोण राहतं यावरून कुणाची पायरी ठरवावी का?

आपल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी 1911 साली एका फ्रेंच नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचं भाकीत केलं होतं. पहिल्याला त्यांनी 'ब्रह्मा' म्हटलं. त्याची सूर्यप्रदक्षिणा सुमारे 242 वर्षांची असेल, असं त्यांचं गणित होतं. 1930 साली सापडलेल्या प्लूटोला 248 वर्षं लागतात. यात योगायोग किती, यावर वाद घालता येईल. पण प्लूटो आपल्या चंद्राहूनही लहान निघाला.

चंद्राची गोष्ट तर आणखी सैल. प्लूटोचा शेरॉन त्याच्या निम्म्या व्यासाचा. दोघं ज्या बिंदूभोवती फिरतात तो प्लूटोच्या बाहेर, मोकळ्या अवकाशात आहे. म्हणून 2006च्या पहिल्या मसुद्यात शेरॉनलाही ग्रह म्हटलं होतं. आठवडाभरात ते बारगळलं. चंद्र किती लहान असावा याची अट मात्र अजून कुणी घातलेली नाही. 2025 साली शनीचे 128 नवे चंद्र मान्य झाले, एकूण 274. त्यांतले बरेचसे जेमतेम काही किलोमीटरचे ओबडधोबड धोंडे आहेत. शनीच्या कड्यांतला प्रत्येक बर्फाचा गोटाही शनीभोवतीच फिरतो. त्याला चंद्र का म्हणायचं नाही, हे विचारायला आज आजोबा नाहीत.