बॅटरी उतरलेली ऑटोमॅटिक मोटार

वैशाखांतील सकाळ. परभणीच्या एखाद्या अरुंद गल्लींत ऑटोमॅटिक मोटार उभी आहे. शेजारच्या घरीं आजारी माणसासाठीं रुग्णवाहिका यावयाची आहे, आणि हीच मोटार तिची वाट अडवून बसली आहे. किल्ली फिरविली तरी दिवाहि लागत नाहीं. चौघे शेजारी ढकलावयास येतात. गाडी तसूभरहि हालत नाहीं.

साध्या गिअरची मोटार असती, तर क्लच दाबून दांडा मधोमध आणतांच काम झालें असतें. ऑटोमॅटिक मोटारींत मात्र दांडा 'पी' म्हणजे पार्कवर असला, कीं गिअरपेटींतील एक पोलादी खीळ दातेरी चक्रांत अडकून चाकांना जखडते. शिवाय ब्रेक दाबल्यावांचून दांडा सुटूं नये, म्हणून विजेवर चालणारी एक कळ बसविलेली असते. बॅटरी उतरली, कीं ती उघडत नाहीं.

ही अडवणूक निर्हेतुक नव्हे. गाडींत एकटें राहिलेलें मूल दांड्याशीं खेळूं लागलें, तर गाडी उतारावरून घरंगळूं नये, हा तिचा उद्देश. अमेरिकेंत १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या हलक्या ऑटोमॅटिक मोटारींना ती कायद्यानेंच सक्तीची झाली. तेव्हां जो हातानें ती कळ उघडतो, त्यानें तिचें काम आधीं आपल्याकडे घेतलें पाहिजे.

म्हणून प्रथम हँडब्रेक घट्ट ओढावा आणि उताराच्या बाजूनें चाकांखालीं दगड लावावे. जाणत्या माणसानें चालकाच्या जागीं बसून, स्टिअरिंगचें कुलूप सुटेल इतपत किल्ली फिरवावी. पुष्कळ मोटारींत दांड्याशेजारीं एक लहानसें झांकण असतें. तें अलगद काढून आंतील छिद्रांत पेचकस दाबून धरावा, ब्रेकवर पाय ठेवावा आणि दांडा 'एन'वर आणावा. झांकणाची नेमकी जागा मोटारीबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेली असते. त्यानंतरच दगड काढून व हँडब्रेक सोडून गाडी हळूहळू ढकलावी. इंजिन बंद असतां ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, हें विसरूं नये.

भारतांत २०१४ सालीं मारुति सेलेरिओबरोबर आलेली 'एएमटी' पद्धत निराळी. तींत बहुधा पार्कची जागाच नसते आणि गिअर विजेच्या आज्ञेनें बदलतो. अशी गाडी गिअरमध्यें उभी राहिली, तर नुसता दांडा हालवून ती सुटत नाहीं. तेथें चांगल्या बॅटरीच्या तारा जोडून वीज देणें हाच सरळ उपाय.

ऑटोमॅटिक मोटार ढकलून सुरू होईल, ही आशा मात्र व्यर्थ होय. नेहमींच्या ऑटोमॅटिक गिअरपेटींत इंजिन फिरल्यावांचून तेलाचा दाब उत्पन्न होत नाहीं. त्याच कारणानें ती दोर बांधून जिंतूरहून परभणीपर्यंत ओढीत आणूं नये. तेलावांचून आंतील भाग झिजतात. इंजिनानें फिरणारीं चाकें उचलून, किंवा सबंध गाडीच वाहनावर चढवून न्यावी.

मराठवाड्याच्या उन्हानें बॅटरीचें आयुष्य लवकर सरतें. ती वेळेवर तपासून घ्यावी, आणि दांड्याशेजारचें तें झांकण एखाद्या सवडीच्या दिवशींच शोधून ठेवावें. रुग्णवाहिका दाराशीं आल्यावर पुस्तिका चाळावयास वेळ उरत नाहीं.