वाघाची वाट आणि आपली जागल



वाघाचा विषय निघाला की सभेत दोनच सूर लागतात. एक म्हणतो, मारून टाका. दुसरा म्हणतो, वाघ वनखात्याचा, त्यांनी तो जंगलात बांधून ठेवावा. बांधून ठेवता येतो का, तेवढे आज पाहू. आकडे संशोधकांचे आहेत, आमच्या पदरचे नाहीत.

आपल्या यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. टिपेश्वर सारे मिळून १४८ चौरस किलोमीटर. वयात आलेल्या नराला स्वतःचा मुलूख लागतो, इथे तो मिळेना. जूनमध्ये वाघ निघाला. आदिलाबाद, पैनगंगा, हिंगोली करीत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर १३०० किलोमीटर झाले होते. नऊ महिन्यांची सारी चाल ३००० किलोमीटरच्या वर गेली. पाच हजारांहून जास्त ठिकाणे उपग्रहाने टिपली.

या दोन अभयारण्यांच्या मध्ये काय आहे? आपली पऱ्हाटी, आपली तूर, नाले, धुरे, डांबरी सडका. दिवसा तो झुडपात पडून राही, चाले तो बहुतेक रात्री. खाल्ली रानडुकरे आणि जनावरे. माणसाला इजा एकदाच झाली, तो बसला होता त्या झुडपात काही लोक शिरले तेव्हा.

म्हणजे वन्यप्राण्याचा अधिवास वनखात्याच्या खांबापाशी संपत नाही. सातबारा आपला, पण रहदारी त्याचीही. ती आपल्याला विचारून ठरलेली नाही. आणि वाघ रात्री चालतो हे सरकारच्याच शास्त्रज्ञांनी दाखवल्यावर शेतीपंपाची वीज रात्री देऊन शेतकऱ्याला अंधारात ओलिताला कोण पाठवतो? वाघ नाही पाठवत!

राळेगाव-पांढरकवड्याकडच्या लोकांना २०१८ आठवत असेल. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण २ नोव्हेंबरला गोळी घालून मारली. ऐन वेचणीचे दिवस, आणि शेतात एकटे जायची कुणाची छाती नव्हती. त्या हंगामाचा तोटा कुठल्या पंचनाम्यात लिहिला गेला?

आम्ही कृषीची पदवी घेतली तेव्हा बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी तोंडपाठ करून घेतली गेली. झाडामागे किती अळ्या झाल्या की फवारायचे, सारे मोजलेले. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत ज्वारीच्या किती ओळी लोळवतो, रोही तुरीचे किती शेंडे खुडतो, याचा धडाच नव्हता. डुकरापायी ज्वारी सोडली म्हणणारे या मंडपातच निम्मे असतील. वाघाच्या पावलांचा तासातासाने हिशेब ठेवता येतो, तर कणसांचाही ठेवता येईल. तो ठेवायची इच्छा नाही, इतकेच.

मागण्या साध्या आहेत. ओलिताला वीज दिवसा द्या. कॉलर लावलेला वाघ शिवारात आला की त्याच दिवशी गावाला कळवा. भरपाई बाजारभावाने द्या. आणि आपल्यासाठीही एक गोष्ट: धुऱ्यावर तारेत चोरून वीज सोडणे बंद. त्या तारेला डुक्कर लागते, वाघ लागतो आणि पहाटे शेजाऱ्याचा पोरगाही लागतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक वही आणावी. तारीख, गट नंबर, पीक, कोणते जनावर, किती ओळी गेल्या, त्या रात्री वीज किती वाजता आली. जागलीला जाणाऱ्यानेच लिहावी, पेन्सिलने लिहिली तरी चालेल.