स्वतःला शुद्ध करणारी प्रत



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हळ्ळीखेडात होणाऱ्या या व्याख्यानात मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावरील खेळाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. विषय मात्र माझ्या जुन्या व्यवसायातलाच आहे, पाठशुद्धीचा.

अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळात खेळाडू आपापल्या घरी असतात आणि त्यांना जोडणारा सर्व्हर दूर कोठेतरी असतो. सर्वांजवळची खेळाची प्रत एकच असावी लागते. एकाच्या प्रतीत भिंत आणि दुसऱ्याच्या प्रतीत तेथेच वाट असेल, तर खेळ व्हावयाचा कसा? आपण सीमाभागातील माणसे एकच गोष्ट मराठी, कन्नड आणि उर्दूत ऐकत वाढलो. आपल्याला पाठभेद ही शोभा वाटते. सर्व्हरला ती परवडत नाही. 'काउंटर-स्ट्राइक' या खेळाची दुरुस्ती निघाली की बहुसंख्य खेळाडू काही दिवस खेळाबाहेर पडत. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००३ च्या सप्टेंबरात 'स्टीम' आणले ते मुख्यतः ही अडचण दूर करण्यासाठी. 'माइनक्राफ्ट' खेळणारी हौशी मुले तर स्वतःचा सर्व्हर चालवितात आणि त्यासाठी लाँचर, म्हणजे खेळ उघडून देणारा छोटा प्रोग्राम, स्वतः लिहितात.

हा लाँचर प्रथम सर्व्हरकडून एक यादी मागवितो. तीत प्रत्येक फाइलीचे नाव आणि तिचा ठसा असतो. त्याला 'हॅश' म्हणतात. शा-२५६ या रूढ पद्धतीत हा ठसा ६४ चिन्हांत लिहितात. ग्रंथ कितीही मोठा असो, त्यातील एक काना बदलला तरी सारा ठसा पालटतो. ज्या फाइलीचा ठसा जुळत नाही तेवढीच लाँचर नव्याने आणतो. मोबाइलच्या मोजक्या डेटावर खेळणाऱ्या मुलांना हे फार सोयीचे. पण लाँचरच जुना झाला तर? विंडोजमध्ये चालू असलेला प्रोग्राम आपल्याच फाइलीवर नवी फाइल लिहू शकत नाही. म्हणून तो एका मदतनीस प्रोग्रामला जागे करतो आणि स्वतः मिटतो. मदतनीस जुनी फाइल हलवून नवी ठेवतो आणि लाँचरला पुन्हा उठवितो. नातवाने हे मला दाखविले तेव्हा परकायाप्रवेशाच्या कथा आठवल्या.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. जवळजवळ तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तीत अनेक पाठ शिरले. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी तीत मिसळू नये, अशी ताकीद दिली. लोकांनी ती प्रत स्वीकारली, कारण शुद्ध करणारा कोण हे त्यांना ठाऊक होते.

लाँचरपुढचा खरा प्रश्न हाच आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातूनच 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम पसरला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. ज्यांनी आज्ञाधारकपणे नवी प्रत घेतली, त्यांच्याच घरात चोर शिरला. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या काही जोडण्यांतूनही असाच घातक प्रोग्राम मुलांच्या संगणकांवर गेला. येथे ठसा पुरत नाही. यादी आणि फाइल एकाच घरातून येतात. चोर त्या घरात शिरला, तर तो दोन्ही बदलील आणि ठसे बिनचूक जुळतील. म्हणून यादीवर कर्त्याची अंकीय स्वाक्षरी हवी, आणि स्वाक्षरीची गुप्त किल्ली सर्व्हरवर न ठेवता अन्यत्र ठेवावयास हवी. हौशी मुले नेमके हेच टाळतात.

आणखी एक गोष्ट मला संपादक म्हणून खटकते. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी छापली, म्हणूनच आज दोन पाठ शेजारी ठेवून पाहता येतात. बहुतेक हौशी लाँचर मागील प्रत पुसून टाकतात. नवी बिघडली तर परतण्यास जागा उरत नाही. नातवाच्या लाँचरची हीच तऱ्हा होती. पुष्कळ वाद घातल्यावर त्याने मागील तीन प्रती राखावयाचे कबूल केले आहे.