शाळेच्या हलगीस नवे कातडे
(कोल्हार येथील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



लेझमीचा सराव शिटीवर घेता येतो, परंतु शिटीत ठेका नसतो. शाळेच्या कपाटात हलगी असते, तिचे कातडे मात्र फुटलेले असते; आणि फुटलेली हलगी निरुपयोगी समजून नवी मागविण्याचा प्रघात पडला आहे. वास्तविक कडे शाबूत असेल, तर वाद्य गेले असे समजण्याचे कारण नाही. भगवतीच्या देवळामुळे चर्मवाद्यांचा नाद कोल्हारास परका नाही; शाळाच तेवढी मुकी राहू नये.

हलगीस शेळीचे पातळ कातडे लागते. निवडताना ते उजेडासमोर धरावे. सोलताना सुरीचा चरा पडला असल्यास तो स्पष्ट दिसतो, आणि ताण पडताच कातडे नेमके तेथेच फाटते. एक बाजू जाड व दुसरी पातळ असेल तर आवाज जागोजागी निराळा निघतो. कड्याबाहेर चहूकडे चार बोटे उरेल एवढे कातडे घेऊन ते थंड पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवावे; गरम पाण्याने ते आकसून वाया जाते. ताणताना समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढाव्यात. ताण बेताचाच द्यावा, कारण वाळताना कातडे आपणहून आवळते. हावरेपणाने ओढलेले कातडे वाळता वाळता तडकते. वाळवावे ते सावलीत. पावसाळ्यात हलगी सैल पडते हा दोष नव्हे; जाळावर दुरून शेकली की ती बोलू लागते. हल्ली मिळणारे प्लास्टिकचे पान दमट हवेत सैल पडत नाही, कवायतीस ते चालते. मात्र ते कधीही शेकू नये.

दिमडी व खंजिरीस पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वर्ज्य झाले आहे. तेथेही शेळीचेच घ्यावे.

तबल्याची पुडी मात्र तयार आणावी. तीवरील शाईत लोहचूर्ण असते. या काळ्या ठिपक्यामुळेच तबल्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळतात, याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. असली शाई भरणे हे वर्षानुवर्षे मुरलेल्या हाताचे काम होय. पुडी आणावयास जाताना खोडाच्या तोंडाचे माप दोऱ्याने घेऊन जावे. अंदाजाने आणलेली पुडी बहुधा परत न्यावी लागते. बसविताना गजरा ओलसर करावा, शाईस पाणी लागू देऊ नये, आणि गजऱ्याच्या १६ घरांतून ओवलेली वादी सर्व बाजूंनी सारखी ओढावी.

गावातील जाणत्या कारागिरास हे काम शाळेच्या ओट्यावर, मुलांसमोर करावयास बोलवावे व त्याची मजुरी रोख द्यावी. ज्याने ताणलेल्या कातड्यावर देवाचे भजन चालते, त्याला मात्र दाराबाहेर बसवावयाचे, ही रीत शाळेत शिरता कामा नये. मुलांनी कातड्यास हात लावावा, वादी ओढून पाहावी.

नवी पुडी पहिल्याच दिवशी पूर्ण स्वरात चढवू नये. दोन-तीन दिवस थोडी थोडी चढवावी. मापाचा दोरा वाद्यासच बांधून ठेवावा.